पाणी पिऊन ये

९ जानेवारी

प्रिय घुम्या,

कागदावर लिहितेय, कारण दुसरी वाट तू ठेवलेली नाहीस. फोन उचलत नाहीस. मेल पाठवली तर तिकडून हूं नाही की चूं नाही. लहानपणी तुला घुम्या म्हणायला लागलो ते उगाच नाही, पण तेव्हा निदान समोर बसून गप्प असायचास. नवा पत्ता आईने दिला नाही. तिने तो औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय आणि तिला वाटतं मला ठाऊक नाही. तिच्या गोळ्या रोज कोण काढून देतं?

तर मी तुझं काय घोडं मारलंय ते एकदा सांग.

डिसेंबरपासून आपलं ‘पाऊण’ पैसे भरून वापरायचं झालं, हे कळलंच असेल. तू म्हणशील ताईने विकलं. म्हण. आठ वर्षं आपण जगाला फुकट अपूर्णांक शिकवले. कुणीही यावं, शिकावं, आतला प्रोग्रॅम उघडून बघावा, सुधारावा, आपल्या शाळेसाठी घेऊन जावा. ऐकायला गोड आहे. पण सर्व्हर बसला की धावायचं कुणी? तू चित्रं काढलीस, बाईने धडे आणि इशारे लिहिले, आणि उरलेलं सगळं मी, नोकरी सांभाळून. तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठासुद्धा मीच घातला होता.

आता तिसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे. गळ्यात कार्ड आहे, ते दाखवलं की काचेचं दार उघडतं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघायचंय. पक्का करार एक मार्चला होईल, तोवर कंपनी तात्पुरत्या करारावर चालवतेय. सगळं रीतसर झालंय. मोकळं काम बंद करायचं तर ज्याने ज्याने त्यात ओळ लिहिली त्या प्रत्येकाची संमती लागते. सत्तावीस जण होते आणि सत्तावीसही हो म्हणाले. तूसुद्धा ऑक्टोबरमध्ये कसलीही हुज्जत न घालता ‘हो’ टाकलास, तेव्हा मला वाटलं सुटलो.

बाईचीही संमती आहे. जुलैत दवाखान्यात तिने मला हो म्हटलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर. तू खाली औषधं आणायला गेला होतास. ती ऑगस्टमध्ये गेली म्हणून तिचा शब्द खोटा होत नाही.

मी नणंद असून तिला बाईच म्हणायचे. चौथीचा वर्ग बोटावर नाचवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? मलाही तिची आठवण येते, घुम्या. तो मक्ता तुझ्या एकट्याचा नाही.

आई विचारते, त्याचं पत्र आलं का. मी म्हणते, पोस्ट हल्ली फार मंद झालंय.

ताई


२४ जानेवारी

घुम्या,

उत्तर आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी लिहितेय, कारण एक विचित्र गोष्ट झाली आणि ती ऑफिसात कुणाला सांगण्यासारखी नाही.

एका शिंपीणबाईंची तक्रार आली. वय सेहेचाळीस, दहावीची परीक्षा द्यायची राहिली होती ती आता देतायत. ब्लाउज बेतून झाले की दुकानातच फोनवर ‘पाऊण’ लावतात. त्यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

‘अर्धा अधिक एक तृतीयांश विचारलं. मी दोन पंचमांश लिहिलं. चूक. परत तेच लिहिलं. परत चूक. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा तुमच्या मॅडमनी सांगितलं, थांब, पाणी पिऊन ये, मी इथेच आहे. मला बरं वाटलं. उठले, पाणी प्यायले, तोंडावरही मारलं. परत आले तर कुलूप! म्हणे पैसे भरा मग पुढे. मला पैशाचं काही नाही हो, पण पाहुण्याला पाणी प्यायला पाठवायचं आणि मागे दार लावून घ्यायचं, असं कोण करतं?’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बोलणं बाईचं वाटत होतं, आणि ते शक्य नव्हतं.

कारण बाईचा एकही इशारा आता त्यात नाही. नवीन वर्षाच्या आधीच मी स्वतः ते सगळे काढले. तीनशे बारा होते. तीन चुकांनंतर कुलूप ही कंपनीची अट, ती मी पाळली. त्यांचे एक तज्ज्ञ आहेत, ते नवीन इशारे लिहून देतायत. ‘कृपया छेद समान करून पुन्हा प्रयत्न करा.’ असे. अजून थोडेच आलेत. पण जुने सगळे गेले. ‘अर्धी पट्टी होती, तिच्यात आणखी घातली, आणि कमी कशी झाली? कुणी खाल्ली?’ हा गेला. ‘घाई कुणाला आहे? मला तर नाही’ हाही गेला.

‘पाणी’ हा शब्द घेऊन सगळा प्रोग्रॅम शोधला. एकदाही सापडला नाही. ‘पिऊन’ शोधला, ‘इथेच’ शोधला. काही नाही. शिंपीणबाईंना कळवलं की असं वाक्य आमच्याकडे नाही, तुम्ही दुसरीकडे कुठे वाचलं असेल.

त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. ‘बाई, मी चुकते गणितात. वाचण्यात नाही.’

मी भुतंखेतं मानत नाही, तुला माहीत आहे. पण त्या दिवसापासून जागेवरून पाणी प्यायला उठले की परत येताना आधी दार बघते.

ताई


३१ जानेवारी

घुम्या,

मी स्वतः पाहिलं.

परवा भरदुपारी, सगळे जेवायला गेले होते तेव्हा, मी साध्या शिकणाऱ्यासारखी आत शिरले आणि मुद्दाम चुकले. दोन पंचमांश. दोन पंचमांश. दोन पंचमांश. आणि पडद्यावर बाईचं अक्षर आलं. छापील नाही रे, तिचं हाताचं, फळ्यावर लिहिल्यासारखं थोडं वर चढत गेलेलं. ‘थांब. पाणी पिऊन ये. मी इथेच आहे.’

मी खुर्चीतून उठले, खुर्ची मागे भिंतीवर आपटली. मग मोजून पाच आकडे म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळाने कुलूप आलं.

दुसरं उदाहरण घेतलं, तिसरं घेतलं. जिथे चुकेन तिथे ती. वजाबाकीत ती, गुणाकारात ती, पट्टीच्या चित्रापाशी ती. आधी तीनशे बारा निरनिराळी वाक्यं होती. आता एकच वाक्य, पण जागोजागी. मी तिला जितकं पुसलं होतं तितकी ती पसरली होती.

उत्तर सापडलं, आणि सापडल्यावर बरं वाटायला हवं होतं. अगदी पहिल्या आठवड्यात, जेव्हा एकही इशारा लिहिलेला नव्हता, तेव्हा आपण सोय केली होती ना, की इशारा मिळाला नाही तर प्रोग्रॅमने काय दाखवायचं? बाईने एका पाठकोऱ्या कागदावर रंगीत खडूने तीन वाक्यं लिहिली आणि तू त्याचा फोटो काढून आत टाकलास. ते चित्र आहे, म्हणून शब्द शोधून सापडत नव्हतं. इशारे भरत गेले तसं ते मागे पडलं. आठ वर्षं कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. मी तिचे इशारे काढले आणि प्रोग्रॅमला बिचाऱ्याला काही मिळेना, मग त्याला आठवलं ते त्याने दाखवलं.

चित्राला तू नाव दिलं होतंस ‘तात्पुरतं’. आणि खाली, आपल्या रिवाजाप्रमाणे, दुसऱ्या माणसाचा शब्द होता. आठवतं का? एकट्याने केलेलं काहीही आत जायचं नाही. दुसऱ्याने बघायचं, खाली ‘पाहिलं’ लिहायचं, मगच ते खरं. बाईचा नियम. ‘वर्गात मीसुद्धा फळ्यावरचं गणित पोरांना तपासायला लावते,’ म्हणायची. त्या चित्राखाली ‘पाहिलं’ मीच लिहिलं होतं. कंपनीने तो नियम काढून टाकलाय. फार वेळ जातो म्हणे.

ते चित्र काढायला एक बोट पुरतं. मी दोनदा बोट नेलं आणि दोनदा मागे घेतलं. वरच्या साहेबांना सांगितलं, तज्ज्ञांचे इशारे पूर्ण आले की आपोआप जाईल.

पण एक विचारते. पहिल्याच आठवड्यात, जेव्हा सांगण्यासारखं काहीच तयार नव्हतं, तेव्हा तिला हेच का सुचलं?

ताई


११ फेब्रुवारी

घुम्या,

आज खोटं कमी लिहायचं ठरवलंय. एकदम सगळं जमेल असं नाही.

कंपनीच्या वकीलबाई आल्या होत्या. स्वच्छ, नीटनेटक्या, पेन्सिलने खुणा करणाऱ्या. एक मार्चच्या आधी त्यांना एक कागद हवाय: सत्तावीस जणांची नावं, संमतीच्या तारखा, आणि खाली माझी सही, की या सर्वांनी स्वतः संमती दिली आहे. त्या नावांवरून पेन्सिल फिरवत होत्या आणि मी पेन्सिलीच्या टोकामागे डोळे फिरवत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. बाईच्या नावापाशी त्या थांबल्यासुद्धा नाहीत. त्यांना कुठे ठाऊक, ही कोण आणि कधी गेली.

आता दवाखान्यातलं सांगते.

तू औषधं आणायला गेलास तेव्हा तिच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला ती इशारे लिहीत होती. सलाईन लावलेला हात तसाच ठेवून, डाव्या हाताने. मी म्हटलं, बाई, आता मी दमले. एक कंपनी विचारतेय. बंद करून पैसे लावू या. तिने लिहिणं थांबवलं नाही. म्हणाली, ‘ताई, तुम्ही दमलात हे खरं आहे. आम्ही तुम्हाला कधी विचारलंच नाही, ही आमची चूक.’ मग म्हणाली, ‘पण ज्यांना कुणी दारात उभं करत नाही ते येतात हो आपल्याकडे. मी बरी झाले की बोलू. तिघं बसून.’

एवढंच. ‘हो’ म्हणाली नाही. ‘नाही’सुद्धा म्हणाली नाही, आणि मी त्या फटीत पाय घातला.

आणि तिचे इशारे मी का काढले, तेही ऐक. तज्ज्ञांचे जास्त चांगले म्हणून नव्हे. वकील येणार हे डिसेंबरमध्येच कळलं होतं. मला वाटलं, तिचं लिहिलेलं एक अक्षर आत राहिलं नाही, तर तिच्या संमतीचा प्रश्न येतोच कुठे? म्हणजे मीच तिला दुसऱ्यांदा घालवत होते, आणि त्याला सफाई म्हणत होते.

संमतीच्या नोंदीबद्दल आज नाही लिहीत. आई हाक मारतेय.

(आई हाक मारत नाहीये. झोपली आहे.)

ताई


१९ फेब्रुवारी

घुम्या,

पार्सल मिळालं.

आईनेच सही करून घेतलं. ‘घुम्याचं आहे गं!’ म्हणून ओरडत आली. मला वाटलं तू काहीतरी खाऊबिऊ पाठवलास. उघडलं तर बाईचा फोन, चार्जरसकट, तिच्या त्या निळ्या रुमालात गुंडाळलेला. आई म्हणाली, ‘अगं, हा तर तिचा,’ आणि खालीच बसली.

तुझी चिठ्ठी वाचली. चार ओळी. आता पाठ झाल्यात.

‘११ नोव्हेंबर, सकाळी दहा. मी आंघोळीला होतो. हा वाजला. तिचा मेसेजचा आवाज वेगळा आहे. मी ओला तसाच धावत आलो, पाय घसरून पडलो. आत काय आहे ते तूच वाच. तुलाच पाठवायला हवा होता.’

तिने फोनला कधी कुलूप लावलं नव्हतं. सरळ उघडला. शेवटचा मेसेज तोच. ‘आपली संमती नोंदवली आहे. धन्यवाद, बाई.’

हा मेसेज आपोआप जातो, घुम्या. मीच तो लिहिला होता. ‘धन्यवाद’नंतर नाव यावं म्हणजे जरा आपुलकी वाटेल, अशी माझी कल्पना होती. सत्तावीस जणांना तो गेला. तिच्या फोनवरही जाईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तू तो अजून चालू ठेवला असशील हेही आलं नाही. तू बरा आहेस, नव्या कामात रमला असशील, असंच मी धरून चालले होते. तसं धरणं सोयीचं होतं.

तर लिहिते. तिला पासवर्ड लक्षात राहायचे नाहीत म्हणून ते माझ्या वहीत असत, तुला माहीतच आहे. ११ नोव्हेंबरला सव्वीस जणांचं झालं होतं, एक रकाना रिकामा होता. ऑफिसात लख्ख ऊन होतं, शेजारी कुणीतरी फोनवर हसत होतं. मी वही काढली. तिच्या नावाने आत शिरले. ‘हो’ दाबलं. बाहेर आले, माझ्या नावाने आत शिरले, आणि खाली लिहिलं, ‘पाहिलं’.

हो माझा आणि पाहिलंही माझं. ती जाऊन तीन महिने झाले होते.

मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, हे तुला सांगायलाच हवं. चहा घ्यायला गेले.

एवढ्या दिवसांत मी तुला विचारत होते, मी तुझं काय घोडं मारलंय. आपणच लाथ मारायची आणि आपणच विव्हळायचं. तू ओला, फरशीवर पडलेला, आणि क्षणभर तुला वाटलं असेल की... ते मी लिहू शकत नाही. तूही लिहिलं नाहीस.

फोन मी चार्जिंगला लावलाय. बंद पडू दिला नाही. आई येता-जाता त्याच्यावरून हात फिरवते.

ताई


२ मार्च

घुम्या,

काल करार झाला नाही.

वकीलबाईंसमोर सहीचा कागद होता. मी म्हटलं, यातली एक संमती मी दिली आहे, दुसऱ्याच्या नावाने. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘ती व्यक्ती आता देईल का?’ म्हटलं, ती ऑगस्टमध्ये गेली. त्यांनी तारखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘हे तुम्ही का सांगताय? कुणाला कळलं नसतं.’ मी म्हटलं, तिच्या फोनला कळलं. त्या उठून स्वतःच दार उघडून बाहेर गेल्या.

दुपारपर्यंत माझ्या गळ्यातलं कार्ड गेलं. कंपनीने अंग काढून घेतलं, पुढे काय कारवाई करायची ते नंतर कळवणार आहेत. करतील ते करतील. साहेब म्हणाले, ‘तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत.’ खरंच आहे. काचेचं दार आतून उघडायला कार्ड लागत नाही, हे काल पहिल्यांदा लक्षात आलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती शेवटी एवढंच म्हणाली, ‘कुंपणानंच शेत खाल्लं की गं.’ मग मी रडायला लागले, तर म्हणाली, ‘आता रडून काय, आधी जेव.’ ताटात वाढलं, आणि समोर बसून राहिली. मी जेवले.

त्यानंतर ‘पाऊण’ पहिल्यासारखं मोकळं करायला बसले. कुलपं काढली. तीनशे बारा इशारे जुन्या नोंदींतून परत आणले, एकेक वाचत. दवाखान्यातले, डाव्या हाताने लिहिलेले, अकरा होते. मी ते ऑगस्टमध्येच आत घातले होते आणि विसरले होते. त्यातला एक असा: ‘चुकलास तर पुसू नकोस. चुकलेलं राहू दे, त्याच्याखाली बरोबर लिही. म्हणजे कुठून कुठे आलास ते दिसेल.’

म्हणून तिची नोंदही मी पुसली नाही. ‘हो’ तसाच ठेवला आणि त्याच्याखाली लिहिलं: ‘हा हो बाईचा नाही. तो मी लिहिला, ती गेल्यानंतर. ताई.’ कुणीही उघडेल त्याला दिसेल. बाकीच्या सगळ्यांनाही कळवलंय. काहींच्या उत्तरांत फार बोचरे शब्द आहेत. झाकली मूठ होती तोवर ठीक होतं.

आणि एक जुना नियम परत लावलाय. दुसऱ्याने पाहिल्याशिवाय काहीही आत जाणार नाही. त्यामुळे सगळं तयार आहे, पण दार अजून बंद आहे. ‘पाहिलं’ लिहायचा अधिकार आपल्या तिघांनाच होता. एक मी, ते माझंच काम आहे, मला चालत नाही. एक ती. तिच्या नावाने मी आत जाऊ शकते अजून, पण त्या पासवर्डचं पान वहीतून काढून या पत्रासोबत तुला पाठवतेय. ते तुझ्याकडे असायला हवं होतं. मी त्याची नक्कल ठेवलेली नाही. ठेवली नाही हे तुला पटावं असं मी काहीच केलेलं नाही, तरी लिहिते.

राहिलास तू.

मी तुला पाहा म्हणत नाही. जुनी मोकळी प्रत अजून कुणाकुणाकडे आहे, कुणीतरी कधीतरी ती उभी करेल. तुला यात परत पाऊल टाकायचं नसेल तर नको टाकूस. शिंपीणबाईंना मी लिहिलंय की वाक्य आमचंच होतं, तुम्ही बरोबर वाचलं होतं, आणि दार आम्ही लावलं होतं. त्यांनी विचारलं, ‘मग त्या मॅडम कुठे आहेत?’

याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

ताई


१४ मार्च

घुम्या,

आज सकाळी आईच्या गोळ्या काढून दिल्या, मग टेबलाशी बसले. हे तुमच्याच स्वयंपाकघरातलं टेबल. तू घर सोडलंस तेव्हा आईने आणवून घेतलं. पुठ्ठा त्याच्यासोबत आला नव्हता, म्हणून नवा घातलाय.

रोज उघडून बघते तसं उघडलं. तुझ्या नावाखाली काल संध्याकाळची नोंद होती. तू सगळं पाहिलेलं दिसतंय. तीनशे बाराही. एके ठिकाणी पट्टीच्या चित्रात रंग सांडला होता तो तू नीट केलायस.

खाली लिहिलंयस, ‘पाहिलं. पाणी पिऊन ये.’

दोनच. तिसरं वाक्य तू लिहिलं नाहीस. मी खाली सरकवून बघितलं, आणखी काही आहे का. नाही. घुम्या तो घुम्याच, असं मला म्हणायचं होतं. ते वाक्य मागायचा मला हक्क नाही हेही मला कळतं.

शिंपीणबाई आत आल्या आहेत. पाच षष्ठांश लिहून पुढे गेल्यासुद्धा.

मी उठले. पेलाभर पाणी प्यायले, अर्धं सांडलं. परत आले. दार उघडं आहे, घुम्या, तू केव्हाही ये किंवा येऊ नकोस.

मी इथेच आहे.

ताई